रिस्तानाच्या खोलीतली ऊब

बितोला गावात नदीच्या अंगाला एक चार मजली इमारत आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर दोस्ता राहते. दोस्ता म्हणजे आमच्या बोलीत ‘पुरे’. चार मुलींच्या पाठीवर पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा बापानं पाळण्यात डोकावूनही न बघता हे नाव सांगितलं आणि तो शेतावर निघून गेला. नावाचं तिला कधी वाईट वाटलं नाही. मोज्यांच्या कारखान्यात तिच्या रांगेत आणखी दोन दोस्ता होत्या, आणि फोरमननं “दोस्ता!” अशी हाक मारली की तिघी एकदम “कुठली?” म्हणून ओरडायच्या. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा तिनं एक जुनं शिलाई मशीन घेतलं आणि घरीच कामं सुरू केली. कुणाचे पडदे शिव, कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या कोटाला अस्तर लाव.

नवरा नाउम. गावाबाहेरच्या औष्णिक वीज केंद्रात त्यानं एकतीस वर्षं टर्बाइनवर काढली होती. निवृत्त होऊनही तो तिथून पुरता सुटला नव्हता.

“पाच वाजले की काय होतं माहीत आहे?” तो जेवता जेवता समोरच्या कुणालाही सांगायचा. “अख्खा देश एकदम घरी येतो. सगळ्या बायका एकदम शेगडी लावतात, सगळे पुरुष एकदम हीटर लावतात. तिकडं आमचं मशीन कण्हायला लागतं. तुम्हाला नाही ऐकू येत. मला येतं.”

“तुला बायकोनं मारलेली हाक ऐकू येत नाही, आणि पंधरा किलोमीटरवरचं मशीन ऐकू येतं होय?” दोस्ता म्हणायची.

तेव्हा रात्री दहा ते सकाळी सात वीज स्वस्त असायची, दुपारी दोन तास स्वस्त असायची आणि रविवारी दिवसभर. बाकी सगळा वेळ महाग. इमारतीतल्या प्रत्येक घराचं रहाटगाडगं त्याच हिशेबानं फिरायचं. जिन्यातल्या मीटरच्या कपाटातून दहाला ‘टक्’ असा आवाज यायचा, आणि चारही मजल्यांवर कपडे धुण्याची मशीनं एकदम घुरघुरायला लागायची. वालाची हंडी रविवारी शिजायची, इस्त्री दुपारी व्हायची, आंघोळीचं पाणी पहाटे तापायचं. वीज हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. “स्वस्त आली का?” “आली.” “स्वस्त गेली, बंद कर.” एवढंच. इतरांच्या घरी ती काटकसर होती, नाउमच्या घरी तो धर्म होता. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी कुणी जास्तीचा दिवा लावला तरी तो असा बघायचा, जणू त्या माणसानं कुणाच्या तरी पाठीवर आणखी एक पोतं टाकलंय.

घरात तिसरी होती रिस्ताना, नाउमची आई. शहाऐंशी वर्षांची. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणालाच खिळली होती, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळं तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. तिची खोली न्हाणीघराच्या शेजारी, उत्तरेकडची. पेलिस्तेरच्या डोंगरावरचा वारा सगळ्यात आधी त्याच भिंतीवर येऊन थडकायचा. पण खोलीत विजेवर तापणारी विटांची मोठी भट्टी होती. स्वस्त वेळेत तिच्या आतल्या विटा तापायच्या आणि मग दिवसभर ती हळूहळू ऊब सोडत राहायची. रात्रभर तापलेल्या विटा संध्याकाळच्या तोंडापर्यंत पुरत. दुपारच्या दोन तासांत पुन्हा थोड्या तापल्या की म्हातारीची संध्याकाळ निभायची.

मग एका शरद ऋतूत दुपारची स्वस्त वेळ बंद झाली. बातम्यांत सांगितलं, दुसऱ्या दिवशी बाजारात बायकांनी शिव्या घातल्या, आणि आठवड्याभरात सगळ्यांनी आपापली इस्त्री रात्रीवर ढकलली. नाउमनंही मान डोलावली. “वर कुणीतरी विचार करूनच ठरवलं असेल,” तो म्हणाला.

विटा मात्र विचार करत नाहीत. डिसेंबर लागला आणि भट्टी संध्याकाळी सहालाच थंड पडायला लागली. सहा ते दहा म्हातारीच्या खोलीत उबेचा टिपूस नसायचा. दोन दांड्यांचा एक छोटा हीटर होता, तो पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेला असे. पण तो लावायचा दहाला, स्वस्त आल्यावर. तसा नाउमचा नियमच होता. म्हातारीच्या अंगावर दोन गोधड्या, लोकरी टोपी, पायाशी गरम पाण्याची बाटली. आणि दर अर्ध्या तासानं त्या खोलीतून हाक:

“सूनबाई, स्वस्त आली का गं?”

“अजून नाही, आई. थोडाच वेळ.”

“थोडा म्हणजे किती?”

“आलीच समजा.”

म्हातारी तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. ती नुसती विचारायची, गाडीची वाट बघणारा माणूस स्टेशनवर विचारतो तसं. एका संध्याकाळी दोस्ता एका लग्नाच्या कोटाला अस्तर लावत बसली होती. कोट सकाळी द्यायचा होता. पाचव्यांदा हाक आली तेव्हा ती तणतणत उठली, खोलीत गेली आणि तिनं हीटरचं बटण खट्कन दाबलं. प्लग खाली फरशीवर पडलेला होता. तिला तो दिसत होता.

“लावला, आई,” ती म्हणाली.

म्हातारीनं गोधडीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि त्या थंड हीटरपुढं तळवे धरले. “हं,” ती म्हणाली. “आता कसं बरं वाटलं.”

दोस्ता दारात उभी राहून त्या हातांकडं बघत राहिली. मग तिचं मन हलकं झालं. म्हातारी गप्प झाली होती. कोट पुरा झाला. दुसऱ्या दिवशी सहाला हाक आली तेव्हा दोस्तानं पुन्हा बटण दाबलं. मग रोजच. नाउमला तिनं सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? तिला आपली ऊब मिळतेय असं वाटतं ना, मग कुणाचं काय बिघडलं, असं ती स्वतःला समजावायची.

जानेवारीत योवान संताच्या सणाच्या आधीचा शनिवार होता. बाहेर उणे सोळा. वरच्या मजल्यावरच्या त्रायान्काच्या घरी सणाची तयारी चालली होती. त्रायान्का म्हणजे दोस्ताची कारखान्यापासूनची मैत्रीण, जाडजूड, तोंडाची तिखट. कोबीच्या भाजीची पोळी लाटायला तिला दोस्ताचेच हात लागायचे. सात वाजता दोस्तानं म्हातारीला सूप भरवलं, तोंड पुसलं, बटण दाबलं.

“लावला, आई. मी वर जाऊन येते.”

“जा, जा. त्या त्रायान्काला म्हणावं, माझ्यासाठी कडेचा तुकडा ठेव.”

ती उतरून आली तेव्हा दहा वाजून गेले होते. कपाटातला ‘टक्’ तिनं जिन्यातच ऐकला होता. हाताला पीठ तसंच होतं. खरा प्लग लावायला म्हणून ती सरळ म्हातारीच्या खोलीत गेली. हात गोधडीच्या बाहेर होते, हीटरच्या दिशेनं, तळवे पुढं केलेले. बोटं आता वाकत नव्हती.

डॉक्टर आले, कागद लिहिला. “वय झालं होतं. झोपेत हृदय थांबलं.”

“थंडीनं नाही ना?” दोस्तानं विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. “घरातच होत्या ना? मग थंडीनं कशा जातील?”

दुसरा दिवस रविवार. दिवसभर स्वस्त. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीतली भट्टी रविवारी बंद होती, कारण मयत घरात होतं आणि रीतीप्रमाणं खिडकी उघडी ठेवली होती. लोक येत होते, मेणबत्त्या लावत होते, कोट न काढताच बसत होते. दोस्ता कॉफी वाटत फिरत होती आणि मनात एकच घोळत होतं: आज तर वीज स्वस्तच होती. आज तर दिवसभर चालली असती.

त्या आठवड्यापासून संध्याकाळी सहा वाजले की तिला हाक ऐकू येऊ लागली. मोठ्यानं नाही. न्हाणीघरात नळ सोडला की पाण्याच्या आवाजाखालून, मशीनची सुई थांबली की त्या शांततेतून. शब्दही तेच. ती उठायची, दारापर्यंत जायची आणि परत यायची. नाउमला सांगावं तर तो म्हणणार, मनाला लावून घेतलंस. मुलगी बिसेर्का तिकडं परदेशात, लुब्लियानाला, फोनवर ती रडायची तेव्हा दोस्ताच तिची समजूत घालायची.

चाळिसाव्या दिवशी शिजवलेले गहू आणि वाइन घेऊन सगळे दफनभूमीवर जाऊन आले. लोक पांगले. नाउम स्वयंपाकघरात टीव्ही लावून बसला. दोस्ता म्हातारीच्या गोधड्या कपाटात ठेवायला खोलीत गेली. हीटर अजून तिथंच, पलंगाच्या पायथ्याशी होता. सहाला पाच मिनिटं कमी होती. तिनं वाकून प्लग उचलला, भिंतीत घातला आणि दोन्ही दांड्यांचं बटण दाबलं. दांड्या आधी करड्या राहिल्या, मग तांबूस झाल्या, मग लालबुंद. रिकामा पलंग लाल दिसायला लागला.

“आता खरंच लावलाय, आई,” ती म्हणाली.

दार लोटून घेतलं. त्या संध्याकाळी हाक आली नाही.

मग ते रोजचंच झालं. बरोबर सहाला लावायचा, दहाला काढायचा. ऐन महाग वेळेत, ज्या वेळेत या घरात पंचवीस वर्षं कुणी केस वाळवायचं यंत्रसुद्धा लावलं नव्हतं, त्या वेळेत एका रिकाम्या खोलीत दोन दांड्यांचा हीटर जळत होता. बिल भरायला पोस्टात तीच जायची, वरचे पैसे शिलाईतून घालायची. पूर्वी नाउम बिल भिंग घेऊन वाचायचा. आई गेल्यापासून त्यानं एकदाही मागितलं नव्हतं. दोस्ताला ते बरंच वाटलं. त्याला काय झालंय हे मात्र तिनं विचारलं नाही.

आणि त्याला काहीतरी झालं होतं. आधी तो संध्याकाळी न्हाणीघरात जायचं टाळायला लागला, शेजारच्या चहाच्या दुकानात जाऊन येतो म्हणायचा. मग सहा वाजले की टोपी घालून बाहेर. बर्फात, धुक्यात, नदीकाठानं एकटाच दहापर्यंत चालायचा. परत आला की ओठ निळे. एकदा तिनं त्याला पाठमोरं बघितलं. बंद दारावर हाताचा पंजा टेकवून तो उभा होता. चटका बसल्यासारखा त्यानं हात मागं घेतला आणि छातीवर तीन वेळा क्रुसाची खूण केली.

कळलं याला, ती समजली. आता विचारेल. पण त्यानं विचारलं नाही. रात्री जेवताना तो एवढंच म्हणाला, “हे घर विकूया का, दोस्ता? बिसेर्काकडं जाऊ.”

“तू? तू तर बाजाराच्या पलीकडं गेलास तरी तुला घरची आठवण येते.”

“सहज म्हटलं.”

पुढं त्याचं जेवण तुटलं. पट्ट्याला त्यानं आणखी दोन भोकं पाडली. रात्री झोपेत तो “लावलाय, लावलाय” असं पुटपुटायचा, आणि दोस्ताला वाटायचं, आपल्यालाच टोमणा मारतोय.

मार्चअखेरीस पुन्हा बर्फ पडलं. दोस्ता एका गिऱ्हाइकाचं माप घेऊन आठच्या सुमारास परतली. जिन्यातला दिवा बटण दाबलं की मिनिटभर जळतो आणि आपला आपण विझतो. तिनं बटण दाबलं तर समोर, त्यांच्याच दाराबाहेर, पायरीवर नाउम बसलेला. अंगात कोट, डोक्यावर टोपी, किल्ली हातात.

“किल्ली लागत नाही का?”

“आत जायचं नाही मला.”

“का? काय झालं?”

दिवा विझला. अंधारात तो बोलायला लागला.

“आई आलीय.”

दोस्तानं कठडा घट्ट धरला.

“तू हसशील,” तो म्हणाला. “तिचं दार गरम असतं. रोज. सहाला सुरू होतं आणि दहाला थांबतं. बरोबर महाग वेळेत, दोस्ता, एक मिनिट इकडं तिकडं नाही. दाराच्या फटीतून लाल उजेड येतो. आत बघायची हिंमत नाही माझी. ती मला दाखवतेय.”

“काय दाखवतेय?”

“लावणं कशाला म्हणतात ते.”

दोस्तानं चाचपडत बटण दाबलं. उजेडात त्याचा चेहरा बघवेना, म्हणून ती त्याच्या शेजारीच पायरीवर बसली.

“त्या शनिवारी तू वर गेलीस,” नाउम म्हणाला. “मी हँडबॉलचा सामना बघत होतो. तिनं हाक मारली. म्हणाली, ‘नाउम, सूनबाई म्हणते लावलाय, पण मला काही लागत नाही रे. बघ बरं जरा.’ मी वाकून बघितलं. प्लग खाली पडला होता. मला वाटलं, निसटला असेल. मी तो उचलला. हातात होता माझ्या. मग घड्याळाकडं बघितलं, सव्वाआठ झाले होते.”

“मग?”

“मग तो परत खाली ठेवला. म्हटलं, ‘लावलाय, आई. थंडीच फार आहे, म्हणून लागत नाही.’”

“आई काय म्हणाल्या?”

“म्हणाली, ‘असेल बाबा. तुम्ही दोघं मला खोटं कशाला सांगाल?’”

दिवा पुन्हा विझला. या वेळी कुणीच उठलं नाही. वरच्या मजल्यावर त्रायान्का कुणावर तरी ओरडत होती, ते ऐकू येत होतं.

दोस्ताजवळ एवढे दिवस एकच गोष्ट धरून ठेवायला होती. म्हातारीला ऊब मिळाली नसेल, पण मिळतेय असं तरी तिला वाटत होतं. ‘आता कसं बरं वाटलं’ हे ती मनापासून म्हणाली होती. रात्री डोळा लागायचा तो त्या एका वाक्यावर. तेही आता गेलं. म्हातारीला कळत होतं. कदाचित पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि तरीही ती रोज हात पुढं करत होती, सुनेचं मन राखायला.

गप्प बसावं, असं दोस्ताच्या मनात आलं. नाउमला प्लग निसटला असंच वाटू दे. पण मग भूतही राहू द्यावं लागलं असतं, आणि हा माणूस उन्हाळ्यापर्यंत टिकला नसता.

“नाउम,” ती म्हणाली. “दार मी गरम करते.”

“म्हणजे?”

“मी लावते हीटर. सहाला. दहाला काढते. चाळिसाव्यापासून.”

तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.

“आणि प्लग निसटला नव्हता. मी लावलाच नव्हता. नुसतं बटण दाबत होते.”

“त्या दिवशी?”

“रोज. डिसेंबरपासून.”

तो उठला, अंधारातच किल्ली लावली, बूट न काढताच सरळ त्या खोलीकडं गेला आणि दार ढकललं. ती त्याच्या मागं गेली. पलंग, कपाट, भिंतीवरचं संत निकोलाचं चित्र, सगळं तांबडं झालं होतं. नाउम कोटासकट फरशीवर बसला आणि त्यानं हात पुढं केले.

“दोन्ही दांड्या लावल्यास,” तो म्हणाला.

“हो.”

“तिला एकच पुरली असती.”

आणि मग तो रडला. आईच्या दफनालाही तो रडला नव्हता.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. नाउमनं तिला एका शब्दानं बोल लावला नाही, पण ईस्टरपर्यंत तो आपली कॉफी आपणच करून प्यायचा, तिच्या हातची घ्यायचा नाही. एकदा ती न राहवून म्हणाली, “मला एकटीला दोषी धरतोस होय? प्लग तुझ्याही हातात होता.” तो म्हणाला, “म्हणून तर तुझ्याकडं बघवत नाही. तुझ्यात मीच दिसतो.” त्या दोघांनी याहून जास्त त्यावर कधी चर्चा केली नाही. दोस्ताला सहाची हाक अधूनमधून येतच राहिली. फरक एवढाच पडला की ती दचकली की नाउमला कळायचं, आणि तो टीव्हीचा आवाज कमी करून विचारायचा, “आली?” ती मान हलवायची.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी दोन खुर्च्या आणि टीव्ही त्या खोलीत नेला. सहाला हीटर लावायचा आणि तिथंच बसायचं. नाउमच्या तोंडून पाच वाजताच्या मशीनचं कण्हणं पुन्हा कुणी ऐकलं नाही. एका संध्याकाळी तो दूध घेऊन वर आला तो विचारात पडलेला.

“खालच्या सोतिर मास्तरांचं दार उघडं होतं,” तो म्हणाला. “घरात टोपी, कोट आणि हातमोजे घालून बसलेत. बोलले तर तोंडातून वाफ निघते. विचारलं, हीटर बिघडलाय का? तर म्हणाले, ‘नाही, दहाची वाट बघतोय.’”

सोतिर मास्तर म्हणजे पहिल्या मजल्यावरचे, भूगोल शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलं परदेशात. दोस्तानं हातातली सुई खाली ठेवली. नाउमकडं बघितलंही नाही. शाल खांद्यावर टाकली आणि जिना उतरली.

“मास्तर, चला वर.”

“कशाला?”

“बसायला.”

“अहो बाई, मी काही भिकारी नाही. माझ्या घरात हीटर आहे.”

“आहे ना. त्याला दहापर्यंत विश्रांती द्या. आमच्या खोलीत एक खुर्ची रिकामी आहे, आणि नाउमला पत्त्यांत हरवायला कुणी मिळत नाही.”

मास्तर आले. आठवड्याभरानं त्रायान्काही खाली उतरली. “वा! तिघांचा शेक चाललाय आणि मैत्रिणीला पत्ता नाही,” असं म्हणत तिनं आपली खुर्ची सोबतच आणली होती. चौघं जमायची. कधी लोणच्याची मिरची, कधी राकिया दारूचा घोट, कधी नुसती सूर्यफुलाच्या बियांची पुडी. तीन घरांत मिळून एकच हीटर चालू. त्रायान्का म्हणायची, “नाउम, तुझ्या टर्बाइनचं ओझं मीच कमी करतेय बरं का, सरकारला सांग पेन्शन वाढवायला.” म्हातारीच्या पलंगावर मात्र कुणी बसायचं नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

नाउम तीन वर्षांनी गेला, इस्पितळात, फुप्फुसाच्या दुखण्यानं. त्या वॉर्डात इतकं उकडायचं की त्यानं पांघरूण लाथेनं खाली टाकलं होतं. शेवटच्या दिवशी दोस्तानं त्याचे पाय चोळले तेव्हा तो म्हणाला, “राहू दे. गरम आहेत.”

मागाहून दुपारची स्वस्त वेळ परत मिळाली. बातमी आली त्या दिवशी इमारतीतल्या बायकांनी जिन्यात एकमेकींना मिठ्या मारल्या, आणि दोन वाजता इतकी मशीनं एकदम सुरू झाली की तळमजल्यावरच्या खिडक्या थरथरल्या. दोस्तानं आपले कपडे धुतले, इस्त्री केली. विटांची भट्टी पुन्हा दुपारी तापायला लागली. तरीही सहाला ती दोन दांड्यांचा हीटर लावतेच. बिसेर्का फोनवर ओरडते, “आई, दहापर्यंत थांबायला काय होतं तुला? सगळं जग थांबतं.” दोस्ता म्हणते, “थांबू दे जगाला.” मुलीला तिनं त्या शनिवारचं कधी सांगितलेलं नाही.

आता खोलीत तिघंच असतात. मास्तरांनी नव्वदी ओलांडलीय. साडेआठला ते झोपी जातात, हनुवटी छातीवर, हात मांडीवर पसरलेले. त्रायान्का मालिका बघते आणि मधेच म्हणते, “हा माणूस घोरत नाही, हेच मला आवडतं. माझा नवरा ट्रॅक्टर होता नुसता.” दोस्ताला मात्र तेच सोसत नाही. घोरणं असतं तर बरं झालं असतं. ती शिवत असते आणि दर थोड्या वेळानं चष्म्यावरून त्यांच्या छातीकडं बघते. कोट जाड, त्यामुळं छाती हलते की नाही ते कळत नाही.

दहा वाजले की त्रायान्का खुर्ची उचलून वर जाते. मग दोस्ता उठते आणि मास्तरांपुढं उभी राहते. त्यांना लगेच हात लावत नाही. आधी टीव्ही बंद करते. मग खोकते. मग त्यांच्या मांडीवर उघड्या पडलेल्या हातांकडं बघत उभी राहते, आणि ते काही क्षण इतक्या वर्षांत एका संध्याकाळीही तिला चुकलेले नाहीत. शेवटी ती दोन बोटं त्यांच्या तळव्याला लावते.

“मास्तर.”

कधी पहिल्या हाकेला उठतात, कधी तिसऱ्या.

“झोपलो नव्हतो मी,” ते म्हणतात. “विचार करत होतो.”

“माहीत आहे,” दोस्ता म्हणते, आणि त्यांच्या कोपराला धरून त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला निघते.